तीस टक्क्यांच्या आतला माणूस

दारातून आत शिरला की तो नमस्कार करायचा नाही. खिशातून काडेपेटीपेक्षा जरा मोठं असं एक यंत्र काढायचा आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका मारायचा. "दहा." मग वळून दुसऱ्या भिंतीवर ठिपका. "आठ." एवढं झालं की मग घरात माणसंही आहेत हे त्याच्या ध्यानात यायचं. बाई पाण्याचा गिलास घेऊन उभी असली तर म्हणायचा, "ठेवा तिथं." ते तिथं म्हणजे कुठं, हे बाईनं शोधायचं. आठ बाय दहाच्या खोलीत गिलास ठेवायला जागा असती तर हा मोजायला आलाच कशाला असता?

असे मोजणारे तुम्हीही पाहिले असतील. आमच्या जिल्ह्यात तर त्यांना तोटा नाही. कोणी वाघ मोजतो, कोणी झाडं मोजतो, कोणी संडास मोजतो. हा घरं मोजायला आला होता. नुसती घरं नाहीत हं. घर माणसाला परवडतं की नाही, ते मोजायला. म्हणजे काय, हे मला पहिले आठ दिवस समजलंच नाही. समजलं तेव्हा तो माझ्या मनातून उतरला तो उतरलाच.

माझी गडचांदूरला सिमेंट कंपनीच्या गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर खानावळ आहे. मागच्या अंगाला पत्र्याच्या पाच खोल्या आहेत, त्यात ठेकेदाराकडची माणसं भाड्यानं राहतात. माडीवर एक पक्की खोली आहे. वर स्लॅब, वेगळा नळ, खिडकीला जाळी. ती मी साहेब लोकांसाठी राखून ठेवते. तिथं हा उतरला. पुण्याकडची कुठलीशी संस्था होती, भाडं तीच भरणार होती. मी आकडा जरा फुगवूनच सांगितला. त्यानं मान हलवली. मनात म्हटलं, ज्याला स्वतःच्या खोलीचं भाडं चढं आहे हे कळत नाही, तो दुसऱ्याचं काय मोजणार, कपाळ?

त्याचं गणित एका ओळीचं होतं. शंभर रुपये कमाई असली आणि त्यातले तीसपर्यंत घरावर गेले, तर घर परवडतं. एकतीस गेले, तर नाही परवडत. "तीसच्या आत आहे ना काकू? मग परवडतं." हे तो इतक्या वेळा म्हणायचा की माझ्याकडे जेवणारी पोरं एकमेकांना तिखट वाढताना म्हणू लागली, "तीसच्या आत हाय ना बे? मंग टाक." हा पण हसायचा. आपल्यालाच हसून राहिले, हे त्याला कळायचं नाही.

मी एकदा विचारलं, "काहो भाऊ, आन् उरलेल्या सत्तरात त्या मानसाचं पोट भरते का, हे कोन पाहाते?"

"तो वेगळा विभाग आहे, काकू."

घ्या! माणूस एक, त्याचं पोट एका विभागात, डोकं दुसऱ्या विभागात, आणि डोक्यावरचा पत्रा ह्याच्याकडे.

माझ्या तिसऱ्या खोलीत ठेकेदाराकडचे सहा गडी राहतात. खाटा तीन. तिघं कामावर असले की तिघं झोपतात. खाट कधी थंड होत नाही म्हणतात ना, तसं. हा दुपारी तिथं गेला, ठिपके मारले आणि झोपलेल्या एकाला हलवून विचारलं, "इथं किती जण राहता?"

तो गडी डोळे न उघडताच म्हणाला, "सहा राह्यतो साहेब. पन सहाच्या सहा कधी भेटलो नाई."

ह्यानं भाड्याला सहानं भागलं. बारा टक्के. संध्याकाळी जेवताना मला खुशीत सांगत होता, की गेटजवळच्या खोल्या फारच परवडणाऱ्या आहेत. मी वरणाची पळी तशीच हातात धरून उभी राहिले. म्हटलं, "सहा जनात वाटून घेतला तर राजाचा वाडाही परवडन, भाऊ. फक्त राजाले पाळीनं झोपावं लागन." तो म्हणाला, "तसं नाही काकू," आणि कसं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मोहर्लीलाही जाऊन आला होता. तिथं वाघ पाहायला येणाऱ्यांच्या हॉटेलात काम करणारी पोरं स्वयंपाकघरामागच्या कोठीत कांद्याच्या पोत्यांजवळ झोपतात. भाडं नाही. ह्यानं लिहिलं, शून्य टक्के, अति उत्तम.

आता जंगूचं सांगते, कारण सगळं तिच्यावरूनच झालं. जंगू म्हणजे जंगूबाई, जिवतीच्या डोंगरावरच्या एका गावची. नवरा नाही. दिवसभर कंपनीत ठेकेदाराकडे झाडूचं काम, संध्याकाळी माझ्याकडे भांडी. पाचव्या खोलीत तिच्यासारख्याच आणखी दोघी बायांबरोबर राहायची. खोली मी दोघींनाच दिली होती. तिसरी आपली येऊन राहिली आणि मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. जंगूची पोरगी मनीषा डोंगरावर आजोबाजवळ असायची. त्या वर्षी दहावी पास झाली, चांगल्या मार्कांनी. पुढं शिकायचं तर गडचांदूरला यायला पाहिजे, आणि यायचं तर राहायचं कुठं? चौथं माणूस त्या खोलीत टाकायचं म्हटलं तर उभंच टाकावं लागलं असतं.

एकदा ह्याची जीप जिवतीकडे चालली होती. मला डोंगरावरची तूर आणायची होती, म्हणून मीही बसले. गेलो ते जंगूच्याच बापाच्या घरी. कुडाच्या भिंती, छपरावर मातीचे कवेलू, अंगण सारवलेलं. ह्यानं ठिपके मारले. भिंत सरळ नव्हती, त्यामुळे यंत्र दर वेळी वेगळा आकडा सांगू लागलं, तेव्हा कुठं त्याच्या कपाळाला आठी पडली.

"आजोबा, हे घर भाड्यानं द्यायचं म्हटलं, तर किती मिळतील?"

म्हातारा विचार करू लागला. त्यानं अगदी मनापासून विचार केला. मग म्हणाला, "भाड्यानं? कोनाले बाबू? इथी भाड्यानं राह्याले कोन येते? अस्वल?"

"बरं, बांधायला किती खर्च आला?"

"लाकडाच्या बल्ल्या जंगलातल्या. माती नाल्यावरची. गावचे सारे आले, दोन दिवसात उभं केलं. मी त्याइले जेवू घातलं."

"जेवणाचा खर्च किती?"

"त्याइच्या घराच्या येळी मीबी जेवलो ना. त्याचा कायचा खर्च?"

ह्यानं शून्य लिहिलं. तेवढ्यात मनीषा आतून चहा घेऊन आली. पोरीनं त्याच्या हातातल्या पाटीवर, ती बोटानं चालवायची पाटी असते ना, तिच्यावर नजर टाकली आणि म्हणाली, "सर, पावसाळ्यात आमी कोपऱ्यात बसून राह्यतो, ते कोनत्या रकान्यात टाकाल?" ह्यानं पाटी बॅगेत घातली आणि कप उचलला. परतीच्या वाटेवर मात्र उड्या मारायचा बाकी होता. "शून्य टक्के, काकू! इतकं परवडणारं घर मी आयुष्यात पाहिलं नाही."

"मंग इतकं परवडते तर त्याची लेक माझ्या पत्र्याखाली काऊन राह्यते?"

"स्थलांतर हा वेगळा विभाग आहे."

मी तुरीचं पोतं मांडीवर घेऊन बसले. पोत्याशी बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याचं स्वतःचं घर कुठं, हे मी एकदा खोदून खोदून काढलं. पुण्याच्या बाहेर कुठंतरी अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतलेला. बायको, लहान लेकरू आणि सासू तिथं. हा मात्र वर्षातले नऊ महिने दुसऱ्यांच्या भिंतींवर ठिपके मारत फिरतो, कारण फिरतीचा भत्ता मिळतो आणि तो हप्त्यात जातो. मी म्हटलं, "मंग तुमचं किती टक्के बसते?" त्यानं भाकरीचा घास चटणीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "अठ्ठावन्न," म्हणाला. आणि लगेच, "पण माझं वेगळं आहे." त्या दिवशी मी त्याला दुसरी भाकर न विचारता वाढली. दया आली म्हणून नाही. वाईट चालीच्या बैलालाही कडबा टाकावाच लागतो.

मग बातमी आली, की गावाबाहेरच्या माळावर मजुरांसाठी दोन-दोन खोल्यांची घरं होणार आणि ज्यांना सध्याचं घर परवडत नाही किंवा पुरत नाही, त्यांची नावं आधी लागणार. नावं ठरणार ह्याच्या फॉर्मांवरून! जंगूनं त्या दिवशी भांडी घासता घासता दोनदा विचारलं, "बाई, खरंच दोन खोल्या हायेत का? मनीषाले एकीत बसून वाचता येईन का?"

पाचव्या खोलीचा नंबर आला त्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिले. खोली माझी, भाडेकरू माझी, म्हटलं पाहू तरी हा काय विचारतो. ह्यानं दोन ठिपके मारले आणि मग घसा खाकरून म्हणाला, "काकू, एक नियम आहे. माहिती घेताना घरमालकानं तिथं असायचं नाही. तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्याच खोलीतून मले बाहेर काढता? माझ्या हातची भाकर खाऊन?" आणि मी सरळ जाऊन जंगूच्या खाटेवर बसले. चांगली ऐसपैस बसले.

तो लाल झाला. मग त्यानं विचारायला सुरुवात केली.

"इथं किती जणी राहता?"

जंगूनं माझ्याकडे पाहिलं. "दोघी, जी."

भिंतीला तीन गाठोडी टांगलेली होती.

"भाडं किती?"

तिनं मागच्या वर्षीचं सांगितलं. मी दिवाळीला वाढवलं होतं, ते नाही सांगितलं. कागदावर माझं नाव वाईट होऊ नये म्हणून. आमच्याकडची माणसं अशीच. ज्याच्या छपराखाली राहिले त्याची उणी गोष्ट सरकारी कागदावर जाऊ देत नाहीत, मग स्वतःचं वाटोळं का होईना.

"भाडं परवडतं का?"

"परवडते, जी. बाईचा काई तरास नाई."

"मोठ्या घराची गरज आहे?"

तिनं परत माझ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाशी नेला. "नाई, जी. आमाले पुरते."

त्यानं आकडे दाबले. "एकोणतीस," म्हणाला. "आत आहे."

आणि मी, ऐकून घ्या, मी मनात फुगले. म्हटलं, पाहा माझे भाडेकरू! त्या संध्याकाळी मी जंगूला खोलीवर न्यायला भाजीचं एक पातेलं जास्त दिलं.

दीड महिन्यानं नगरपरिषदेच्या भिंतीवर यादी लागली. जंगूला वाचता येत नाही, ती मला घेऊन गेली. मी चष्मा लावून वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. शेजारच्या गल्लीतली नावं होती. माझ्या तिसऱ्या खोलीतल्या सहांपैकी एकाचं होतं, तो कसा काय सुटला देव जाणे. जंगूचं नव्हतं.

"कुठी हाये, बाई?"

"पुढच्या पानावर असन," मी म्हटलं. पुढचं पान नव्हतं. ते तिलाही दिसत होतं. ती "बरं" म्हणाली आणि कामावर गेली.

मी तरातरा घरी आले. हा जेवायला बसला होता. मी ताटासमोर उभी राहिले. म्हटलं, "डोळे फुटले होते का रे तुह्ये? तीन गाठोडे दिसले नाई?" अहो-जाहो संपलं होतं.

"दिसले."

"मंग?"

"सांगितलेलं लिहायचं असतं, काकू. पाहिलेलं नाही."

"वा रे शहाण्या! दोन भिंतीवर ठिपके मारतेस, ते पाहिलेलं नाई काय?"

मग पहिल्यांदाच त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "काकू, तुम्ही खाटेवर बसला होतात."

"मंग उठवाचं होतं मले!"

"बाहेर जा म्हटलं होतं. तुम्ही गेला नाहीत."

"मंग फॉर्म भराचा नव्हता. नियम होता ना तुह्या? भाकरीपायी नियम मोडलास?"

त्यानं ताटाकडे पाहिलं. "हो," म्हणाला. वाद घातला असता तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ह्या माणसाला धड भांडताही येत नव्हतं. असा नेभळट माणूस मी जन्मात पाहिला नाही, म्हणत मी चुलीकडे गेले आणि तिथं जाऊन माझ्या लक्षात आलं, की सगळ्या उठाठेवीत ह्या माणसाजवळ एकच गोष्ट शहाणपणाची होती. एकच. घरमालकीण बाहेर पाहिजे. आणि तीच मी त्याला करू दिली नव्हती. लोकांच्या नावानं खडे फोडायला मला फार आवडतं, पण त्या दिवशी हातातला खडा कुणाकडे फेकावा ते समजेना.

चार दिवस मी त्याला मुकाट्यानं वाढलं. पाचव्या दिवशी सकाळी तो खाली आला. हातात पाटी. "काकू, पाचवी खोली पुन्हा भरतोय. परवानगी मिळाली."

"कशी काय मिळाली?"

"पहिल्या वेळी माझी चूक झाली, असं लिहून दिलं."

"माह्यं नाव लिहिलं का?"

"माझी चूक, एवढंच लिहिलं." मग जरा थांबून, "तुम्ही मात्र…"

"जातो ना, जातो," मी म्हटलं आणि गेले. रस्त्याच्या पलीकडे पंक्चरवाल्याच्या टायरवर जाऊन बसले. सिमेंटचे ट्रक जात होते, डोक्यावर राख पडावी तशी धूळ पडत होती. पंक्चरवाला म्हणाला, "बाई, तुमी इथी कायले?" मी म्हटलं, "तुह्यं दुकान पाहाले." खानावळीच्या बाजूच्या बोळातून पाचव्या खोलीचं लावलेलं दार दिसत होतं. दोन ट्रकांच्या मधे जंगूचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. दहा वर्षांत "हो जी, नाई जी"च्या पुढं न गेलेली बाई, ती अर्धा तास बोलत होती. मधेच तिघी हसल्या. माझ्यावरच असणार.

तो बाहेर आला तेव्हा मी रस्ता ओलांडून गाठलंच. "काय म्हणाली?"

"सांगता येत नाही, काकू. नियम आहे."

खरं सांगते, तेवढा एक क्षण मला तो माणूस आवडला.

पंधरा दिवसांत त्याला परत बोलावलं. कंत्राट पुढं वाढवलं नाही म्हणे. स्वतःहून चूक कबूल करणारा माणूस कोणत्या ऑफिसला परवडतो? निघताना त्यानं जवसाच्या चटणीची पुडी मागितली. "हिला आवडेल," म्हणाला. मी दोन बांधून दिल्या. चंद्रपूरच्या गाडीत पाठीवरच्या बॅगसकट शिरला आणि दारातच अडकला. मागचा माणूस ओरडला, "अंदर व्हा ना भाऊ, जागा हाये!" हा मान लांब करून आत पाहू लागला, खरंच आहे का म्हणून. असा गेला.

पुरवणी यादीत जंगूचं नाव आलं, अगदी शेवटी. घरं मात्र अजून आलेली नाहीत. माळावर पायाचे खड्डे आहेत, त्यात पाणी साचलं की म्हशी बसतात. म्हशींना परवडतात. इकडं कॉलेजात नाव घालायची मुदत आठ दिवसांवर आली. मनीषा डोंगरावरून फोन करायची आणि जंगू "पाहातो, पाहातो" म्हणायची.

माडीवरची खोली रिकामीच होती. मी वाट पाहिली जंगू विचारेल म्हणून. ती विचारीना. शेवटी मीच म्हटलं, "वरची खोली घे. पोरीले आन."

"भाडं किती, बाई?"

मी संस्थेला सांगितलेला आकडा सांगितला. जीभ, दुसरं काय? सवयीनं तोच आला.

जंगूनं हातातली कढई खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. खाली नाही, पदराकडे नाही, सरळ माझ्या तोंडाकडे.

"नाई परवडत."

"मंग किती परवडते?"

तिनं सांगितला. माझ्या निम्म्यालाही तो पोचत नव्हता. मी स्लॅब दाखवला, नळ दाखवला, खिडकीची जाळी दाखवली. मी अर्धा तास घासाघीस केली. ती एक रुपया वर चढली नाही. सोमवारी मनीषा पत्र्याची पेटी घेऊन जिना चढली.

दहा वर्षं माझ्याकडे राहिलेली बाई माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलली होती, तेही मी समोर असताना. ते लिहून घ्यायला मात्र तो इथं नव्हता.